आईच्या नावापुढचा रकाना

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या ऑफिसात मी क्लार्क आहे, तिथल्या शिपायांनाही माहीत आहे. म्हणून आधीच सांगून टाकते: ह्या सगळ्यात मी एका दुपारी आईवर ओरडले, आणि ते ओरडणं मला अजून परत घेता आलेलं नाही.

परवा दुकानातून कडक भाकरीचं पाकीट घेतलं. वर चकचकीत कागद, त्यावर ‘घरगुती चव’ असं छापलेलं. मी दुकानदाराला विचारलं, “कुणाच्या घरची हो?” तो नुसता हसला. घरी येऊन शेंगाचटणी घेतली, वर तेल सोडलं आणि एक तुकडा मोडून खाल्ला. भाकरी वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या घालता आल्या असत्या. चांगली होती, आणि तरी घशाखाली उतरेना. मला आईच्या हातची हवी होती. इतकी हवी होती की मी ओट्याशी उभी राहून लहान पोरीसारखी रडले. कुणी म्हणेल, आई गेली असेल हिची. तसं नाही. आई धडधाकट आहे, रिक्षाने दहा मिनिटांवर राहते, रोज फोन करून मी काय स्वयंपाक केला ते विचारते. पण भाकऱ्या करत नाही. का करत नाही, तेच सांगायला बसले आहे.

आई अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली. माहेरी निम्मं कानडी, निम्मं मराठी. अजूनही कुणी ताटात जास्त वाढायला लागलं की ‘साकू, साकू’ म्हणत हात आडवा धरते. लग्न होऊन आली ती सोलापुरात, कापडगिरणीच्या चाळीत. आप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीत हजेरी कारकून. कोण कधी आत गेलं, कोण कधी बाहेर पडलं, कुणाचा खाडा झाला, सगळं त्यांच्या हातात. मी सहावीत असताना गिरणी बंद पडली. आप्पांना काय करावं ते कळेना. ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहायचे आणि परत आत येऊन बसायचे. आईला मात्र कळलं. तिने दाराबाहेर पत्र्याखाली चूल मांडली आणि कडक भाकऱ्या करून विकायला सुरुवात केली.

दुपारची जेवणं आटोपली, भांडी झाली, की ती लाकडी काटवट पुढ्यात ओढायची. ज्वारीचं पीठ कढत पाण्यात मळायची, तळहाताच्या मुळाने रगडून रगडून. मग थापायला लागायची. तिच्या हाताखाली भाकरी आपसूक गोल फिरायची, मोठी होत जायची आणि कागदासारखी पातळ व्हायची. तव्यावरून उतरली की निखाऱ्याशी शेकायची, आणि मग चुलीभोवती उभी करून ठेवायची, चांगली कोरडी होईपर्यंत. शेवटी नखाने टिचकी मारून बघायची. आवाज आला तर भाकरी विकायला, नाही आला तर आमच्या ताटात. आमच्या ताटात फार कमी यायच्या.

मी तिच्या मागे भिंतीला टेकून अभ्यास करायची. थप थप थप, आणि मधेच टिचकी. तो आवाज असला की मला गणितं सुटायची. खरंच सांगते, सुटायची. आवाज थांबला की मी मान वर करून बघायची, आई कुठे गेली म्हणून. आता घरात पंखा असतो, टीव्ही असतो, मोबाईल असतो, आणि दुपारी तीनच्या सुमाराला माझा जीव त्या आवाजासाठी अगदी कासावीस होतो.

गिऱ्हाईक लांबून यायचं. पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांच्या आया, लग्नघरची माणसं, होटगीहून रेल्वेतल्या लोकांच्या बायका. कडक भाकरी पंधरा दिवस टिकते, ड्यूटीवर डब्यात न्यायला बरी. आईने कधी पाटी लावली नाही. ‘पत्र्याखालच्या मावशी’ एवढं विचारलं की चाळीत कुणीही घर दाखवायचं.

आमच्या शेजारी एक तेलुगू काकू विड्या वळायच्या. त्यांच्याकडे विडी कामगाराचं कार्ड होतं, फोटोवालं. आई ते कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं करून बघायची. एकदा मला म्हणाली, “ह्यांचं काम कागदावर हाय बघ. उद्या कुणी इचारलं तर दाखवता येतंय.” मी म्हटलं, तुला कोण विचारणार आहे? ती कार्ड पदराने पुसून काकूंना परत द्यायला गेली.

आणि आठवीतली गोष्ट. शाळेत फॉर्म भरायचा होता. सरांनी विचारलं, आई काय करते? मी म्हटलं, “काही नाही सर, घरीच असते.” घरी येऊन मीच शहाण्यासारखं आईला सांगितलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, “काय न्हाय करत? मग तुजी फी काय कावळ्यानं आणून दिली व्हय?” आप्पा मोठ्याने हसले, मीही हसले. पण त्या दिवशी रात्रीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. आणि बघा, पुढे मी शाळेतच चिकटले, आणि शेकडो पोरांच्या फॉर्मवर आईच्या नावापुढे ‘गृहिणी’ लिहिलं. विचारायचंही नाही. पोर नाव सांगायचं आणि माझा हात पुढचं लिहून मोकळा व्हायचा.

काही वर्षांपूर्वी आईला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग पीठ मळताना. एका घाण्याच्या मधे दोनदा थांबायची, भिंतीला हात लावून. आम्ही म्हटलं, वय झालं. ती म्हणाली, ज्वारी बदलली, लई चिकट येती हल्ली. शेवटी एक दिवस काटवटीवरच पालथी झाली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदयाची झडप अरुंद झाली आहे, बदलावी लागेल. सहा महिन्यांच्या आत करा, पुढचं मी सांगू शकत नाही.

ऑपरेशनचा खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. माझ्या पगारातून काढून काढून किती काढणार? त्यात आप्पा मुलीच्या घरचा पैसा घ्यायला तयार नव्हते, त्यांचा तो हट्ट जगजाहीर. रेशनकार्ड आमचं पांढरं, गिरणी चालू असताना केलेलं, त्यामुळे तेव्हाच्या सरकारी योजनेत आम्ही बसत नव्हतो. उरला एक ट्रस्टचा दवाखाना. तिथे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी काही खाटा राखीव असतात. ठरलेल्या मर्यादेच्या आत तुमचं उत्पन्न असलं की ऑपरेशन जवळपास फुकटात. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हवा. आप्पांची पेन्शन म्हणजे चहापाण्यापुरती, शिवाय एका कापडाच्या दुकानात ते अर्धा दिवस हिशेब बघायचे. आपण बसणार, ह्यात मला शंकाच नव्हती.

मी म्हटलं, फॉर्म मी भरते. आप्पा उसळले. “मी गिरणीत हजार माणसांची हजेरी लावली आहे. मला फॉर्म भरायला शिकवतेस?” म्हटलं बरं, भरा. सेतू केंद्रातून कागद आणून ते टेबलाशी बसले, जुना चष्मा लावून, खाली रेघ मारायची पट्टी धरून.

मी त्या संध्याकाळी औषधं घेऊन गेले तर घरात वेगळंच चाललेलं. आई कॉटवर उशीला टेकून बसलेली, आणि आप्पा तिला फॉर्म वाचून दाखवत होते. अर्जदाराचं नाव, पत्ता, आणि मग पत्नीचा व्यवसाय: कडक भाकरी तयार करणे व विक्री. त्याच्यापुढे उत्पन्न. तेही हातचं राखून नाही. सणासुदीला, लग्नसराईला जास्त होतं ते धरून, वर गोळाबेरीज करून.

“परत वाचा की,” आई म्हणाली.

त्यांनी परत वाचलं. ती म्हणाली, आणि एकदा. तिसऱ्यांदा वाचताना आप्पांचा आवाज जरा मोठा झाला, दारातून जाणाऱ्यांना ऐकू जाईल इतका. आप्पांचं एक ठाम मत होतं: नोंद नाही ते काम नाही. गिरणीत हे वाक्य त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल देव जाणे. आणि तीस वर्षं स्वतःच्या बायकोची नोंद केली नाही, हे त्यांना त्या आजारपणात सुचलं होतं. आई लाजली होती. दम लागलेली, ओठ निळसर झालेली माझी आई चक्क लाजली होती. मी दारात उभी राहून हसत होते. मी, शाळेतली क्लार्क, जिचा जन्म फॉर्म तपासण्यात गेला! मर्यादा किती, बेरीज किती, एकदा बघावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, चला, सुचलं एकदाचं.

दाखला आला. मी आणि आप्पा दवाखान्यात गेलो. तिथे समाजसेवेच्या टेबलावर एक तरुण मुलगी बसलेली. तिने दाखला वाचला, पेन्सिलीने काहीतरी मांडलं, खोडलं, परत मांडलं. “काका, हे मर्यादेच्या वर जातंय. थोडंसंच, पण वर जातंय.” मी म्हटलं, थोडंसं म्हणजे किती? तिने कागद माझ्याकडे फिरवला. आईच्या दिवाळीच्या भाकऱ्यांचे होतील तेवढे.

“थोडक्यासाठी?” माझा आवाज चढला. “माणूस मरायला टेकलंय!”

तिने ऐकून घेतलं. तिलाही रोज कुणीतरी ओरडत असणार. मग हळूच म्हणाली, “आजींचं हे उत्पन्न धरलं नसतं तर बसत होतं.” एवढं बोलून ती कॉम्प्युटरकडे बघायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “नवीन दाखला आणलात तर मी फाईल पुन्हा ठेवते. लवकर आणा.” त्याहून जास्त ती बोलू शकत नव्हती, आणि आम्हाला ऐकायची गरजही नव्हती.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी आप्पांना वाट्टेल ते बोलले. कुणी सांगितलं होतं भाकऱ्या मांडायला? अख्ख्या सोलापुरात कुणी मांडतं का? घरोघरी बायका पापड लाटतात, शेवया करतात, कपडे शिवतात, एक तरी लिहिते का? आप्पा कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, “खरं तेच लिहिलं.” मग जरा वेळाने, “तिला बरं वाटलं असतं म्हणून.” ‘वाटलं’ नाही, ‘वाटलं असतं’. जणू तिला बरं वाटलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं.

सेतू केंद्रातला माणूस मोठा तयार होता. असे रोज येतात म्हणाला. परिस्थिती बदलली म्हणून नवा अर्ज करा, सोबत आजींचं स्वयंघोषणापत्र जोडा, की मला स्वतःचं उत्पन्न नाही. उत्पन्नाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहायचं. काहीच नसलं की कचेरीत निरंक म्हणतात. कागदावर रिकामी जागा सोडायची नाही, नाही असलं तरी ते लिहायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कागद घेऊन आईपुढे बसले. काय झालं ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “न्हाय करायची मी सही.”

मला वाटलं, तिला कळलं नाही. पुन्हा समजावलं. ऑपरेशन, सहा महिने, मर्यादा. आप्पा खिडकीशी पाठ करून उभे.

“समजलं मला,” ती म्हणाली. “मी काय खुळी हाय का? पर मी काय बी करत न्हाय असं म्या लिवून द्यायचं? तीस वरसं इस्तवापुढं बसले, ते कुटं गेलं? ह्या घरात भाडं कोण भरत हुतं? तुजं कॉलेज?”

“अगं, कागदापुरतं!”

“कागदापुरतंच तर मागत हुते मी.”

आणि माझं डोकं फिरलं. कितीतरी रात्री झोप नव्हती, हे मी आता स्वतःला सांगते, पण ते काही खरं कारण नाही. मी घाबरले होते आणि मी घाबरले की ओरडते. मी म्हटलं, “चार भाकऱ्या थापल्या म्हणजे काय कारखाना चालवलास का? कोण विचारतं तुझ्या भाकऱ्यांना? इथे जीव जातोय आणि तुला रकान्याची पडली आहे!”

शेजारच्या काकूंच्या घरातला विड्यांच्या सुपाचा आवाज थांबला. आई माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. राग असता तर मी आणखी भांडले असते, भांडण मला जमतं. ती म्हणाली, “व्हय. चार भाकऱ्याच की.” तिने पेन मागितलं. तिला सही करायला वेळ लागायचा, एकेक अक्षर जोडत जायची, मधे श्वास घ्यायला थांबायची. सही झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि मी कागद वाळायला फुंकर मारत बसले. बॉलपेनची सही, तिला काय वाळवायचं होतं?

नवा दाखला मिळाला, फाईल मंजूर झाली, ऑपरेशन झालं. चांगलं झालं. त्या डॉक्टरांना आणि त्या टेबलावरच्या पोरीला माझा हात जोडून नमस्कार आहे. आईला वॉर्डात आणलं आणि ती पहिलं वाक्य बोलली, ‘चहात साकर न्हाय’, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सहीचं मी विसरून गेले. खरंच विसरले. आई वाचली होती, बाकी सगळं गेलं चुलीत.

पण चुलीत जायला चूलच राहिली नाही. झडप बदलली की रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर, आणि रक्ताची तपासणी सारखी सारखी. तेही सवलतीत मिळायचं, आणि सवलत त्या दाखल्यावर. दाखला वर्षाचा. दर वर्षी नवीन काढायचा, आणि कुणी सांगावं, चौकशीला कुणी घरी आलं तर? आप्पांनी त्याची धास्तीच घेतली. जन्मभर हजेरीत खोटं न लिहिलेला माणूस, त्याला ते एक खोटं पचेना. तवा आणि काटवट त्यांनी माळ्यावर टाकली. पत्र्याखालची चूल मोडून तिथे तुळशीची कुंडी ठेवली. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, हलकी कामं करा आजी, बसून भाकऱ्या केल्या तरी चालतील. आईने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान हलवली नाही, फक्त गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

गिऱ्हाईक यायचंच. आई आतूनच सांगायची, “न्हाय ओ, मी करत न्हाय.” आधी ‘सध्या करत न्हाय’ म्हणायची. मग तो ‘सध्या’ कधी गळला, ते मला कळलं नाही.

एकदा मी तिथे असताना होटगीची एक बाई आली, जुनं गिऱ्हाईक. मुलाला नोकरी लागली होती, दुसऱ्या दिवशीचं तिकीट होतं. म्हणाली, “मावशी, चार तरी द्या की ओ. लई लांब चाललाय, तितं त्याला काय मिळायचं?” आई दारात आली. तिचे हात पदरात होते. मला वाटलं, आता ही हो म्हणेल. ती म्हणाली, “बाई, मी करत न्हाय. कुणी सांगितलं तुला मी करते म्हणून?” ती बाई वेड्यासारखी बघत राहिली. पंधरा वर्षं तिने ह्याच दारातून भाकऱ्या नेल्या होत्या. ती गेली आणि आई उंबऱ्यावर बसली, बराच वेळ. आणि मी? मला हायसं वाटलं. बरं झालं, कुणी ऐकलं नाही, असं वाटलं. देवा, काय काय वाटतं माणसाला.

हळूहळू लोक यायचे बंद झाले. दोनदा दाखला नवा काढला, दोनदा निरंक लिहिलं. दुसऱ्या वेळेला आप्पांनी तिला वाचूनही दाखवलं नाही.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत आप्पा माझ्या शाळेत आले. त्यापूर्वी ते कधी आले नव्हते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. आईला काही झालं असं वाटून मी उठलेच. त्यांनी माझ्या टेबलावर पेपर पसरला आणि एका बातमीवर बोट ठेवलं. दवाखान्यांच्या राखीव खाटांसाठी उत्पन्नाची मर्यादा वाढवली होती. थोडीथोडकी नाही. मी मनातल्या मनात मांडलं: पेन्शन, कापडाचं दुकान, आणि भाकऱ्या. दिवाळीच्या धरून. लग्नसराईच्या धरून. सगळं आत बसत होतं, वर भरपूर जागा उरत होती.

“आता लिहिता येतं,” आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरलेले.

मी आनंदाने रडायला लागले आणि पुढच्याच क्षणाला संतापले. कुठेतरी कुणीतरी बसून एक आकडा खोडला आणि दुसरा लिहिला. बरं केलं, हजारो लोकांचं भलं होईल. पण हेच थोडं आधी सुचलं असतं तर काय बिघडलं असतं? मी शिपायावर विनाकारण खेकसले, अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आणि आप्पांना घेऊन निघाले. वाटेत चांगली मालदांडी ज्वारी घेतली, पिठाच्या गिरणीत उभी राहून दळून घेतली. पीठ गरम होतं. ते मांडीवर घेऊन रिक्षात बसले आणि मला वाटत होतं, मी आईला काहीतरी परत नेऊन देते आहे. त्या दिवशी दुपारी मी जे बोलले ते आता पुसलं जाईल. भिंतीला टेकून बसेन, थप थप ऐकेन. मला माझी आई परत हवी होती, ती, आवाज न आलेली भाकरी आमच्या ताटात टाकणारी.

आई भाजी निवडत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. स्टुलावर चढून माळ्यावरून तवा काढला, काटवट काढली. तव्याला गंज चढला होता. मी म्हटलं, घासते, दोन मिनिटांत लख्ख होईल. आई, आता कुणाची भीती नाही. कर की.

तिने काटवटीवरून हात फिरवला. लाकडाला एक चीर गेली होती, तिच्यावर बोट थांबलं.

“कुणाला देऊ?” ती म्हणाली. “ती समदी दुसरीकडनं घ्यायला लागली. पाकिटं मिळत्यात की आता. त्यांची सवय मोडली. माजी बी मोडली.”

“आम्हाला दे. मला दे.”

“तुला भाजी देते. मेथी हाय.” ती हसली, अगदी साधं. रुसवा नाही, टोमणा नाही. मी तिच्या चेहऱ्यावर रुसवा शोधत होते. रुसलेल्या आईला कसं मनवायचं ते मला येत होतं.

आप्पा तेवढ्यात टेबलाशी बसले होते. मार्चअखेरला दाखल्याची मुदत संपत होती, नवा अर्ज आणलेलाच होता. चष्मा लावला, पट्टी ठेवली. मोठ्याने म्हणाले, “पत्नीचा व्यवसाय.” आणि आईकडे बघून, शाळेतल्या पोराने पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं, “कडक भाकरी तयार करणे व विक्री.”

आई उठली, त्यांच्याजवळ गेली आणि कागदावर हात ठेवला. आप्पांचं पेन तिच्या बोटांना टेकून थांबलं.

“नगा लिवू,” ती म्हणाली.

“अगं, आता चालतं. मर्यादेत बसतंय.”

“बसंना का.” तिने हात उचलला नाही. “तव्हा मी करत हुते, तर तुमी दोघांनी न्हाय म्हणून लिवून घेतलं. आता मी खरंच काय बी करत न्हाय. आता तरी खोटं लिवू नगा.”